भोंग्याची तार

प्रिय ठमाबाई,

सोमवारपासून तू आमच्याच लॉन्ड्रीत, इस्त्रीखात्यात लागणार हे तुझ्या चिठ्ठीत वाचलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

बावीस वर्षं मी तिथला बॉयलर सांभाळतोय. माझा बॉयलर. कागदोपत्री तो मालकाचा, पण मालकाला तो पेटवतात कुठून हेही सांगता यायचं नाही. तुझी आई त्याला सवत म्हणायची. तिच्या ऑपरेशनच्या दिवशी मी ‘जरा बघून येतो’ म्हणून दवाखान्यातून बॉयलरकडे सटकलो होतो, आठवतं? ती शुद्धीवर आली तेव्हा तिच्याजवळ तू एकटी होतीस. मी कधी रजा घेतली नाही, की दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू दिला नाही. लोक वाखाणायचे आणि मी फुगायचो.

आता खरं सांगतो. पाणी कमी झालं की वाजणारा एक भोंगा त्याला होता. तो वाजला की मॅनेजरसकट सगळे धावत यायचे आणि नको तिथे हात घालायचे. मला ते बघवेना. तीन वर्षांपूर्वी मी भोंग्याची तार काढून टाकली. पाणी चढवणाऱ्या पंपाचा आवाज जरा बदलला तरी मला कळायचं, मग भोंगा हवाय कशाला?

पण गेलं वर्षभर मला नीट ऐकू येत नाही. कुणाला बोललो नाही, बोललो असतो तर बॉयलर काढून घेतला असता. मंगळवारी पंप बंद पडला आणि मी शेजारीच पितळी नळ पुसत बसलो होतो. सहज मान वर केली, तर पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाण्याचा टिपूस नाही. धडपडत आग बंद केली. थोडा उशीर झाला असता तर बॉयलर फुटला असता. भिंतीपलीकडे अकरा बायका इस्त्री करत होत्या.

पंप दुरुस्त करून मी बॉयलर परत तसाच, भोंग्याविना चालवला. चार दिवस. त्या अकराजणींसाठी माझं पाऊल मॅनेजरकडे वळलं नाही गं. बारावी तू असणार हे कळलं, तेव्हा कागद पुढे ओढला. बॉयलरपेक्षा मला आता माझीच जास्त भीती वाटते.

म्हणून हे पत्र. लॉन्ड्रीच्या गाडीचा ड्रायव्हर तू राहतेस त्या मावशीच्या घरावरून जातो, त्याच्याकडे देतोय. मी सांगायला गेलो तर काहीतरी सारवासारव करून परत येईन. तू हे घेऊन थेट मॅनेजरच्या घरी जा. आधी माझ्याकडे येऊ नकोस, मी तुला गोड बोलून गप्प बसवेन. उद्या रविवार, पण कपडे थांबत नाहीत. सकाळी सातला मी तो पेटवणार. न पेटवणं मला जमणार नाही. सातच्या आत मॅनेजरला घेऊन ये.

तुझाच,
बाबा