चौकातला हिरवा बोर्ड

४ मे
आजपासून रोजनिशी. निश्चय दोन: पहाटे चालणे आणि बिनसाखरेचा चहा. चालणं उद्यापासून.
केबिनमधला एसी बंद पडला. हवा तपासणारं आमचं यंत्र उकाड्यात चालत नाही. मी चालतो. कडक तक्रार लिहिली.

६ मे, दुपारी १
बाहेर त्रेचाळीस. यंत्र आपोआप बंद. आकडे गेले नाहीत की चौकातल्या हवेच्या बोर्डावर नुसत्या रेघा येतात, आणि मग साहेबांचा फोन. डोकं चालवलं. सकाळी नऊचेच आकडे संध्याकाळपर्यंत भरून टाकले. बोर्ड हिरवागार. साहेब खूश.
चहात साखर घेतली. एवढ्या उन्हात ताकद लागते.

७ मे
खारूताईचं पळण्याचं शिबिर सुरू. आमची धाकटी, वय अकरा, दम्याची. डॉक्टरांनी बजावलंय, हवा खराब असेल तर पळायचं नाही. म्हणून घरात नियम केला: बोर्ड हिरवा असेल तरच पळायचं. नियम माझाच.

९ मे
एसीवाला येऊन गेला. पार्ट मागवलाय म्हणे. डोळे चोळत विचारत होता, इथे दुपारी घसा का खवखवतो. त्याला नीट समजावलं. गाड्यांच्या धुरावर कडक ऊन पडलं की ओझोन तयार होतो. डोळ्यांना दिसत नाही. भर दुपारी सगळ्यात जास्त, आणि वारा पडलेला असला तर जागचा हलत नाही. फार सोपं करून सांगितलं. तर म्हणतो, पण बोर्ड तर हिरवा आहे. या लोकांना कुठलं कळायला!

११ मे
सलग सहा दिवस हवा उत्तम. साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं.
झाडाचं पान हलत नाही. समोरची टेकडी दिसेनाशी झालीय. चष्म्याचा नंबर वाढला असणार.
खारूताई खोकतेय. ही म्हणाली, दोन दिवस पाठवायला नको. मी म्हटलं, बोर्ड बघ.

१२ मे, दुपारी ४.१०
शिबिराच्या सरांचा फोन. मुलांना धाप लागतेय, थांबवू का म्हणून. मी डोक्यावर ओला रुमाल घेऊन बसलेलो, डोळ्यांतून पाणी. विचारलं, बोर्ड काय म्हणतो? हिरवा, म्हणाले. मग पळवा, म्हटलं. त्यांनी आभार मानले.
उगाच धाकधूक होतेय. उकाड्यानेच.

१२ मे, संध्याकाळी ७
हॉस्पिटल. शेवटच्या फेरीत खाली बसली ती उठलीच नाही. पंपाने आराम पडेना. ऑक्सिजन लावलाय. तिच्या शिबिरातली आणखी तीन मुलं शेजारच्या खाटांवर.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, चार वाजता हवा कशी होती. ही म्हणाली, हे सांगतील, यांचं कामच ते. माझ्याकडे होता तो आकडा सकाळी नऊचा.
मास्कमधून खारूताई म्हणाली, बाबा, मी बोर्ड बघूनच पळाले.
फार भीती वाटतेय.

१४ मे
मास्क अजून काढलेला नाही.
दुपारी केबिनवर जाऊन आलो. यंत्र चालू होतं. आकडे मी भरले नाहीत. बोर्ड लालभडक.
साहेबांचा फोन आला. परवापर्यंत हवा चांगली होती, आज एकदम काय बिघडलं म्हणून विचारत होते.
मी सांगितलं, एसी दुरुस्त झाला.