ट्यूबवरची तीट

लातूर, मंगळवार संध्याकाळ

औशाची ती तान्ही अजून मान धरत नाही, म्हणून तपासणी. शनिवारी रक्त घेतलं तेव्हा तिच्या आईनं स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन ट्यूबला तीट लावली. "मॅडम, हे बी माझ्या लेकीचंच हाय की. नजर लागाय नको."

पुसवली नाही मला.

पण त्या रक्तातल्या पेशी वाढवल्या दुसऱ्या ट्यूबमध्ये. तिला तीट कुठली? आज त्या फिक्स करायच्या होत्या. थंड द्रावण थेंबथेंब सोडलं की पेशी मरतात, मगच गुणसूत्रं तपासता येतात. पहिल्याच थेंबाला हात अडला. काय हे खूळ? शेवटी मार्करनं काळा ठिपका काढला, मग थेंब सोडला.

लॅबच्या सरांनी ट्यूब पाहून विचारलं, "ही खूण कुणाची?"

"तिच्या आईची," म्हटलं.