घागरीतला निळा शर्ट

१७ नोव्हेंबर

दादाची तेरवी झाली. पाहुणे गेले. पंजाबराव काका निघताना आईला म्हणाले, "वहिनी, गजूचे कपडे देऊन टाका आता. घरात ठेवू नोका." दादाचा निळा शर्ट खुंटीवरच आहे. दादा गेल्यापासून आई शेतातही गेलेली नाही. कापूस फुटून लोंबतोय.

१८ नोव्हेंबर

खामगावच्या भांड्यांच्या दुकानाची जाहिरात अर्धवट पडली आहे. मालक दीपकभाऊ इतके दिवस थांबले, आज फोन आला. "ताई, शुक्रवारी दुकानातल्या टीव्हीवर लावाची हाय. जमन का?" हो म्हटलं.

दादा संगणकावर तांब्याची घागर घडवायचा आणि तिचे थर वेगवेगळे काढून द्यायचा — रंगाचा एक, सावलीचा एक, चकाकीत जे दिसतं त्याचा एक. आम्ही त्यांना पास म्हणतो. ते एकावर एक बसवणं माझं काम. पास माझ्याकडे आहेत. बाकी सगळं त्याच्या लॅपटॉपमध्ये होतं, आणि चिखलीच्या रस्त्यावरच्या अपघातात त्याच्याबरोबर तोही चुरला.

१९ नोव्हेंबर

व्हिडिओ पाठवला. दीपकभाऊंचं उत्तर — "झकास. फक्त घागरीच्या पोटावर डाग हाय, तो काढा. लोक म्हनतीन घागरीत भूत हाय." लगेच दुसरा मेसेज — "माफ करा ताई. तसं म्हनाचं नोतं."

बाकीचे पास बंद केले. फक्त चकाकीतल्या प्रतिबिंबाचा ठेवला. काळ्या पडद्यावर आमचं अंगण, वाकडं होऊन घागरीला गुंडाळलेलं. दादाने दिवाळीआधी अंगणाचा चौफेर फोटो काढला होता, तोच तांब्यात उतरलाय. आणि मधोमध कोणीतरी उभं. निळा शर्ट, डोक्याला रुमाल. कमरेखालचं कडेत वाकून गेलेलं. चेहरा तांदळाएवढा.

दादा!

जेवले नाही.

२० नोव्हेंबर

ती जागा झाकायला मास्क लावला. काढला. परत लावला, परत काढला. पाच मिनिटांचं काम आहे. मूळ पास माझ्याकडे राहणारच, तेही कळतं. तरी त्याला त्याच्याच कामातून मी पुसायचं?

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की दादा पळत गोठ्याच्या भिंतीमागे जायचा. मलाही ओरडायचा, "लप वं, नाहीतर आपलंच थोबाड दिसन भांड्यात." या वेळी का नाही लपला?

दीपकभाऊंचे दोन मिस्ड कॉल. उचलले नाहीत. अंगणात फेऱ्या मारल्या. आई आतून म्हणाली, "बस न एका जागी."

२१ नोव्हेंबर

आईला बोलावून दाखवलं. म्हटलं, बघ, दादा. ती पडद्याला नाक लागेल इतकी वाकली.

"गजू कुठचा वं सुवर्णा? मी हाय ते. वावरात निंघाली होती, साडीवर त्याचा शर्ट घालून, डोक्याले रुमाल बांधून. तो भिंतीआडून वरडत होता, आई बाजूले हो, बाजूले हो." मग परत वाकून — "एवढी जाडी दिसतो का वं मी?"

मास्क लावला. व्हिडिओ पाठवला. वळून पाहिलं तर खुंटी रिकामी. आई साडीवर घातलेल्या शर्टाच्या बाह्या दुमडत होती.

"चाल," म्हणाली, "कापूस गळून राह्यला."