पुलाआधी थांबणारं खेचर

सोमवार, ३ फेब्रुवारी

मी मास्तर झालो. हसून घे, वही.

शाळेच्या जिन्यावरून घसरली ताई, पाय मोडला तिचा, आणि प्लॅस्टरमध्ये अडकलोय मी. आलो होतो तिच्याकडे दोन दिवसांसाठी. कपडे धुवायचे, पोटभर जेवायचं, पुढे सटकायचं. आता सातवीचा वर्ग, भाषेचा तास.

ताईची नोकरी हंगामी. मुख्याध्यापिका तिला फोनवर म्हणाल्या, "दहा मार्चच्या चाचणीआधी गोष्टीचं पुस्तक संपलं तर जागा तुमची. नाहीतर मला दुसरं कोणी बघावं लागेल." मधल्या काळासाठी माणूस मिळेना, म्हणून मी. माझं शिक्षण – बारावी, मग कॉलेज, अकरा महिने. मुख्याध्यापिकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "उद्यापासून दाढी करून येत चला."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पुस्तक म्हणजे शंभर वर्षं जुनी गोष्ट. एका खेचराला मालक डोंगरापलीकडे विकतो. ते दावं तोडून एकटंच परत निघतं. नद्या, लांडगे, बर्फ. प्रकरणं चौदा. मी आजवर शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं एकमेव पुस्तक मोटरसायकलसोबत मिळतं ते. त्यात चित्रं होती.

पहिल्या बाकावर जाड चष्म्याची एक मुलगी बसते. सगळे तिला भिंग म्हणतात, तीही ओ देते.

"सर, शेवटी ते पोचतं का?"

"आत्ताच सांगितलं तर मजा जाईल."

मलाच माहीत नाही. मी दोन पानं पुढे असतो, फार तर तीन.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

खेचर कसं ओरडतं ते करून दाखवलं. "सर, हे गाढव झालं," मागून एकजण म्हणाला. मग अख्ख्या वर्गाने करून बघितलं. वळतो तर दारात मुख्याध्यापिका.

"काय चाललंय?"

"प्रकट वाचन," मी म्हणालो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ताईने स्वयंपाकघरात भिंतीवर कागद लावलाय. चौदा चौकोन. प्रकरण संपलं की एक रंगवते. रंगलेत दोन. चार व्हायला हवे होते. पण आज लांडग्यांवरून कुत्रे निघाले, कुत्र्यांवरून मी पेट्रोलपंपावर झोपायचो ते दिवस निघाले, आणि घंटा झाली!

"आज कुठवर आलं रे?" ताईने विचारलं.

"सहा."

"सहा प्रकरणं की सहा पानं?"

मला एकदम तहान लागली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

खेचर प्रत्येक पुलाआधी थांबतं. एक खूर फळीवर ठेवतं, वळून मागे बघतं, मग पुढे जातं. भिंगचा हात वर. "का थांबतं, सर?"

काय सांगू? रात्री पुढचं वाचायचं सोडून मी पंखा दुरुस्त करत बसलो होतो. तो बिघडलेला नव्हताच, आता आहे.

म्हणून फर्मान काढलं – प्रत्येकाने एक प्राणी निवडायचा. आठवडाभर बघायचं. कुठे बसतो, काय खातो, कशाला घाबरतो. शेवटी आपला अंदाज, तो पुढे काय करेल. पोरं खूश. मुख्याध्यापिकाही म्हणाल्या, "कल्पना बरी आहे." म्हणजे मी पळवाट काढली की तिला कल्पना म्हणतात. हे आधी कळलं असतं तर आज कुठल्या कुठे असतो.

वह्या ताई तपासणार. माझ्या वेलांट्या मुलांना बघवत नाहीत.

शनिवार, १५ फेब्रुवारी

उंट्याचा फोन. जुना दोस्त, उंच, ट्रक चालवतो. "बावीसला सकाळी सातला निघतोय, थेट समुद्रापर्यंत. सोबत कोणी नाही. येतोस?"

हो म्हणालो. तोंडातून निघून गेलं. माझं नेहमी असंच जातं.

ताईला उद्या सांगेन.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

नाही सांगितलं. सहा चौकोन रंगलेत. उरलेल्या आठांसाठी सापडेल कोणीतरी. शाळेत माणसं असतातच की.

(दहा मार्चला वीस दिवस. मोजायचे नव्हते, मोजले गेले.)

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज वह्या वाटायच्या होत्या. मधल्या सुट्टीत चाळत बसलो. मांजरं अकरा, चिमण्या सहा, एक कासव – "पाच दिवसांत काहीही केलं नाही. पुढेही करणार नाही." मोठ्याने हसलो.

मग भिंगची वही.

"प्राणी – सर.
राहण्याची जागा – माहीत नाही. त्यांनाही माहीत नसावी.
खाणं – उभ्याने, बहुतेक आमच्या डब्यातलं.
बसणं – खुर्चीच्या टोकावर. बॅग खांद्यावरून काढत नाहीत.
कशाला घाबरतात – मुख्याध्यापिका, प्रश्न, वेलांट्या.
सवय – वर्गात येताना दारात थांबतात. एक पाय आत ठेवतात. मागे रस्त्याकडे बघतात. मग येतात. पाच दिवस पाहिलं, रोज.
अंदाज – गोष्ट संपायच्या आधी निघून जातील."

वेलांट्यांपर्यंत हसत होतो.

खाली लाल शाईत ताईचं अक्षर. "निरीक्षण उत्तम. दहापैकी दहा. अंदाज चुकावा." सही, तारीख. तारीख एकोणीस.

म्हणजे तिने बुधवारीच वाचलं. आणि काल गुरुवारी मला म्हणाली, "बॅगचा बंद उसवलाय तुझा. आण, शिवून देते." मोडका पाय स्टुलावर ठेवून शिवत बसली. मी समोर शेंगदाणे खात होतो.

घंटा झाली. वह्या वाटल्या. भिंगला तिची देताना म्हणालो, "मार्क चांगले आहेत." ती म्हणाली, "खेचराचं काय होतं ते तरी सांगून जा, सर."

सातवं प्रकरण संपवलं. संध्याकाळी सातवा चौकोन ताईने रंगवला. मी बॅग भरली.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सात वाजले. खाली हॉर्न, दोनदा. ताई आतल्या खोलीतून म्हणाली, "तुझ्यासाठी असेल, बघ."

बॅग उचलली. बंद घट्ट आहे. दुहेरी दोरा घेतलाय तिने.

सोमवार, २४ फेब्रुवारी

काल घरी बसून पुस्तक वाचून संपवलं. पोचतं की नाही ते इथे लिहीत नाही, भिंगचा भरवसा नाही. उंट्याने समुद्राचा फोटो पाठवलाय. खाली लिहिलंय, "मूर्खा."

आज वर्गात मुद्दाम न थांबता शिरलो, निदान मला तसं वाटलं.

"थांबलात, सर," भिंग म्हणाली. "पण मागे नाही बघितलंत."