काकूंचा उजवा हात

प्रिय टिल्लू,

आज आपल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्याच्या खिडक्या पुसता पुसता आपला पहिला उन्हाळा आठवला. एकच खाट, पडदा म्हणून आईची जुनी चादर, आणि तू पडद्यामागून नकला करून पेशंटना हसवायचास. मी कडक मास्तरीण, तू सगळ्यांचा लाडका. तू नसलास की गुडघे धरून आलेली माणसं ‘धाकटे डॉक्टर कुठायत?’ म्हणत तोंड पाडून बसायची. खरं सांगते, मला हेवा वाटायचा. बाबांची एक बाजू लुळी पडली तेव्हा कुणाचं ऐकत नव्हते ते. तू म्हणालास, ‘बाबा, माझ्या पावलांवर पावलं ठेवा, लहानपणी मी तुमच्या ठेवायचो तशी.’ आणि ते चालले. आई दाराआड रडत होती, मीही.

मग बाहेरची रांग वाढली, आणि तुझं तपासणं कमी झालं. शिवणकामवाल्या काकू मान दुखते म्हणून आल्या तेव्हा मी शेजारच्याच खाटेपाशी होते. त्या म्हणाल्या, ‘बाळा, माझी हाडं ठिसूळ आहेत, आधी एक्स-रे बघ.’ तू हसलास, ‘काकू, माझ्या हातांवर विश्वास नाही का?’ आणि त्यांची मान कडकन फिरवलीस. त्या दिवसापासून त्यांच्या उजव्या हातात सुई राहीना. त्यांना भेट, चूक झाली म्हण, म्हणून मी तुझ्या किती विनवण्या केल्या. तू म्हणालास, ‘ताई, वयाचं दुखणं आहे ते.’ पुढे एका म्हाताऱ्या गृहस्थांनाही न तपासता तोच झटका देताना मी तुला पाहिलं.

फिजिओथेरपी परिषदेनं वर्षभरासाठी तुझा परवाना काढून घेतला, तेव्हापासून तू घराबाहेर पडत नाहीस. काकूंनी घात केला असं तू म्हणतोस, असं आईकडून कळलं. टिल्लू, त्यांना बोल लावू नकोस. तक्रार मी केली. परिषद तक्रार करणाऱ्याचं नाव सांगत नाही, म्हणून तुला कळलं नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून कळावं हे मला सोसवलं नसतं. काकू रोज सकाळी बोटांच्या व्यायामाला येतात. काल त्यांच्या चिमटीत बटण राहिलं. आनंदानं त्यांनी आधी तुझीच चौकशी केली. माझ्यावर चिडून ये, हवं तेवढं भांड, पण ये आणि त्यांच्यासमोर बस.

तुझीच,
ताई