लवंगेएवढी बी

दि. ११ जून

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. (सवयीने लिहिले गेले. राहू देत.)

तुझी पेटी मंगळवारी पोचली. बाबांची तब्येत बरी आहे, डोळ्यांना मात्र आता सावल्यांपलीकडे काही दिसत नाही. तुझी चिठ्ठी मी त्यांना वाचून दाखवली : "आपल्या लवंगीची लिची, खास तुमच्यासाठी." बाबांना फळं आवडली.

इथपर्यंतचं बाबांनी लिहायला सांगितलेलं. आता माझं ऐक. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू रडायला लागतोस आणि मी विरघळते.

ती आपल्या दारच्या झाडाची लवंगी नव्हती. निर्लज्जा, ज्या माणसाचा जन्म लिची निवडण्यात गेला, त्याला तू साधी लिची लवंगी म्हणून खायला घातलीस? तीही चुकून नव्हे. लवंगीच्या सालीवर देठापासून हिरवी रेघ उतरते, म्हणून तू हिरवट फळं निवडून निवडून भरलीस. बाबांना तर रंग दिसत नाही. म्हणजे ती तयारी माझ्यासाठी होती. आणि मी फसलेसुद्धा!

बाबांनी एक फळ सोललं आणि टॉवेल मागितला. लवंगीचा गर कोरडा, ती सोलून बाबांनी कधी हात पुसला नव्हता. मग फळ तोंडात घोळवलं, बी तळहातावर घेऊन अंगठ्याने चाचपली. लवंगेएवढी असायला हवी, ती चांगली बोटाच्या पेराएवढी टपोरी. "गोड आहे," म्हणाले. बी बशीत ठेवली. दुसरं फळ घेतलं नाही.

थोड्या वेळाने म्हणाले, "यंदा फळ धरलं नसतं, तर त्याने तसं कळवलं असतं. झाड तोडलंय त्याने."

"काहीतरीच काय, बाबा!" म्हणत मी स्वयंपाकघरात गेले आणि तुझ्या शेजारच्या खोकी बनवणाऱ्या सुताराला फोन लावला. तो म्हणाला, "तुम्हाला माहीत नव्हतं? थंडीतच पाडलं की. ट्रक वळत नव्हता."

ट्रक वळत नव्हता! अरे, मग उलटा घ्यायचा!

बाबा रागावले नाहीत, याचाच मला जास्त राग येतोय. "त्याला बोलू नकोस," म्हणाले. "लवंगीची बी रुजत नाही, पण तिची गुटी आहे ना तुझ्या गच्चीवर." मी या घरात राहायला आले तेव्हा त्यांनी झाडाच्या फांदीला माती बांधून, मुळं फुटवून दिलेली, तीच.

ती गुटी मेली, धाकट्या. दोन उन्हाळ्यांपूर्वी. आम्ही आठ दिवस फिरायला गेलो आणि पाणी घालायला कुणाला सांगायचं राहून गेलं. बाबांना जिना चढवत नाही, म्हणून मी अजून "छान पालवी फुटलीय" असं सांगत असते. तू पेटीभर खोटं एकदाच पाठवलंस, मी रोज थोडं थोडं वाढते. या पत्रातली अर्धी ओरड माझ्यावरच आहे. पण अर्धी तुझ्यावर आहे, सुटलास असं समजू नकोस.

काल मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, तोडलेली लिची परत फुटते का? म्हणाले, "खुंट उपटला नसेल तर फुटते. आपलं झाड गुटीचं, दुसऱ्या झाडावर बांधलेलं कलम नव्हे. फूट येईल ती लवंगीचीच." मग विचारलं, "पण तू का विचारतेस? तुझी आहे ना?"

मी म्हटलं, दूध उतू जातंय. गॅसवर दूध नव्हतं.

तेव्हा पत्र मिळाल्याबरोबर ट्रक तिथून काढ. खुंट आहे की उपटलास, एवढं एका ओळीत कळव. फूट असेल तर तिला कुंपण घाल. नसेल तर नाही म्हणून लिही, पण खोटं "आहे" लिहू नकोस. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवायला मीच बसणार आहे, आणि त्यांच्यासमोर माझा आवाज आता टिकत नाही.

उरलेली फळं शेजारी वाटली. साधी लिची आहे म्हणून सांगितलं. सगळे खूश झाले.

बाबा मला त्या झाडावरून लवंगी म्हणायचे, तू मिरचीवरून. हे पत्र मिरचीने लिहिलंय. तुझ्या उत्तराची वाट मात्र दुसरी बघतेय.

तुझी ताई,
लवंगी