गेणूच्या तसबिरीची व्यवस्था

॥ श्रीराम ॥

मी, यशोदाबाई सावळीराम गांगुर्डे, वय ६४, मॅट्रिक, घरकाम व तसबिरी रंगवणे, राहणार पंचवटी, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही. उलट थोरला मुलगा काळू नको म्हणत होता.

१. दोन खोल्यांचे घर माझ्या नावे आहे. पुढची खोली काळूला, मागची धाकट्या गेणूला. १९७४ साली काळूने थोबाडीत मारली म्हणून गेणू घरातून गेला, तो अद्याप आला नाही. काळू म्हणतो, "आई, सात वर्षं कधीच उलटली, कायद्यानं तो मेला. तसबिरीला हार घालू दे, एकदाचे मोकळे होऊ." गावातल्या कितीक मेलेल्यांची तोंडे मी रंगवली, पण गेणूची तसबीर मेलेल्याची म्हणून काढलेली नाही. तिला हार घालू नये. त्याची खोली विकू नये, भाड्यानेही देऊ नये.

२. सोन्याच्या दोन बांगड्या काळूची बायको सिंधू हिला. रंग, कुंचलेही तिलाच. नळी संपली असे वाटले तरी कापून बघावी, आत पुष्कळ निघतो. जाऊबाई तानुबाई यांना काही नाही. "मेलेल्यांवर पोट भरतेस," असे त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या. स्वतःच्या नवऱ्याची तसबीर मात्र फुकट नेली.

३. दर रामनवमीला मी तसबिरीतल्या गेणूला एक वर्षाने मोठा करते. दारात उभा राहिला तर घरच्यांनी ओळखावा म्हणून. यंदा मात्र कुंचला चालेना. तिशी ओलांडलेला गेणू दिसेल कसा? शेवटी काळूला समोर बसवले. "मी काय बाहुला आहे?" म्हणून कुरकुरला, पण बसला. त्याच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या मी गेणूला दिल्या. झाल्यावर काळूने पाहिले. म्हणाला, "हा माझ्याकडं असा काय बघतोय गं?" आणि मोरीत जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत राहिला.

४. माझ्यामागे हे काम सिंधूने करावे आणि काळूने दरवर्षी समोर बसावे. न बसल्यास पुढची खोली सिंधूची. काळू, बाळा, ही शिक्षा समजू नकोस. गेणूचा चेहरा मला आता आठवत नाही. तुझ्या तोंडावर तो थोडा उरला आहे.

लिहिलेले पुन्हा वाचले, खाडाखोड नाही.

सही: यशोदाबाई सावळीराम गांगुर्डे

साक्षीदार:
रहेमान अन्सार शेख, तसबिरींच्या चौकटी करणारे
भागुबाई कोंडाजी पगारे, शेजारीण

नाशिक, ता. ७ डिसेंबर १९८४